चंद्रभागाबाईचा टोन

हिवरवाडीच्या माळावर जनावरांची छावणी उभी राहिली, त्या वर्षी चंद्रभागाबाईला चौतिसावं लागलं होतं आणि बारावीच्या इंग्रजीत नापास होऊन सोळा वर्षं झाली होती.

तिचं माहेर परळीचं. वडील वीजकेंद्रातल्या राखेच्या गाड्या भरायला जायचे. घरात उंबऱ्यापासून चुलीपर्यंत सगळ्यावर करडा थर बसलेला असायचा, पण पोरीला वह्या-पुस्तकं त्यांनी कधी कमी पडू दिली नाहीत. बारावीला बाकीचे सगळे विषय निघाले, इंग्रजीत मात्र एकोणतीस पडले. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं ठरलं. पण त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, शिरूर कासारच्या पुढं हिवरवाडीत ती नांदायला आली, आणि ज्या दिवशी इंग्रजीचा पेपर होता त्या दिवशी ती नवऱ्याबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांड्याकुंड्यांच्या ढिगावर बसून ऊसतोडीला निघाली होती.

दहा वर्षं तिनं ऊस तोडला. मग सासूबाईंचे, म्हणजे भिवराबाईंचे, गुडघे गेले. दोन्ही पोरी शिकायला अंबाजोगाईला मावशीकडं राहिल्या. घरच्या दोन गाई कुणीतरी बघायला हव्या होत्या. त्रिंबक, तिचा नवरा, धाकट्या भावाला जोडीला घेऊन फडावर जाऊ लागला आणि चंद्रभागाबाई गावच्या दूध संस्थेत फॅट काढायच्या कामाला लागली. दूध मोजायचं, नमुना घ्यायचा, मशीनवर लावायचा, नोंद करायची. संस्थेचे सचिव तात्याबा भले माणूस होते, पण त्यांना दिसायचं कमी झालं होतं. सहा वर्षांत सचिवाचं सगळं काम हळूहळू चंद्रभागाबाईच्या हातात आलं. सही तेवढी तात्याबांची राहिली.

शेवटी तात्याबांनी राजीनामा दिला. संस्थेचे चेअरमन मोहनराव, गावातले मोठे बागायतदार, बोलायला रांगडे पण मनानं सरळ. त्यांनी तिला ऑफिसात बोलावलं.

"काम तुमीच करता, हे सगळ्या गावाला म्हाईत हाय. पण ठराव झालाय. सचिव बारावी पास पायजे."

"आन् मी झाले तर?"

"तर ती खुर्ची तुमची. मी शब्द देतो."

तिनं दुसऱ्याच दिवशी शिरूरला जाऊन सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाहेरून बसणाऱ्यांचा. बाकीच्या विषयांची तिला भीती नव्हती. इंग्रजीचं पुस्तक मात्र ती उघडायची आणि लगेच मिटून ठेवायची. धडे कसेबसे लागायचे. पण कवितांच्या खाली अलंकारांची जी नावं होती, सिमिली, मेटाफर, आयरनी, सिनेक्डोकी, आणि कवीचा टोन ओळखा म्हणून जे शब्द दिले होते, ते सगळं तिला औषधाच्या बाटल्यांवरच्या नावांसारखं वाटायचं.

त्या साली पाऊस आलाच नाही. सिंदफणा नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळू लागली. दिवाळीच्या आत गावातला कडबा संपला, आणि दूध संस्थेनं माळावर छावणी काढली. बांबू रोवून वर हिरवी जाळी टाकलेल्या लांबच लांब ओळी, मधे पाण्याचे हौद, एका टोकाला चाऱ्याची गंज. आसपासच्या पाच वाड्यांची जनावरं आली आणि जनावरांमागं माणसंही आली. भिवराबाई दोन्ही गाईंजवळ बाज टाकून बसल्या. चंद्रभागाबाईकडं छावणीचं रजिस्टर आलं आणि लाउडस्पीकरही आला, कारण साऱ्या छावणीत पाच ओळी न अडखळता वाचू शकेल असं दुसरं माणूस मोहनरावांना दिसलं नाही.

ती वाचायचीही न अडखळता. चारा अकराला मिळेल, लसीकरण उद्या आहे, एकशे चाळीस नंबरच्या गाईचं दावं सुटलं आहे. सगळं एका सुरात, बसस्टँडवर गाड्या पुकारतात तसं.

एक दिवस कानात दोनशे बारा नंबरचा बिल्ला असलेला बैल बसला तो उठेना. डॉक्टर छावणीतच होते. चंद्रभागाबाईनं पुकारलं, "दोनशे बारा नंबर बिल्ल्याच्या मालकांनी दवाखान्याच्या शेडजवळ यावे." मालक आले अर्ध्या तासानं, तेही डुलत डुलत. तोवर डॉक्टरांनी सुई टोचून बैल उभा केला होता. मालकांनी बैलाच्या मानेवर हात फिरवला, सगळी हकिकत ऐकली आणि तरातरा ऑफिसच्या पत्र्याखाली आले.

ते बद्रीनाथ सर होते. अंबाजोगाईला चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले आणि शेजारच्या वाडीत आपल्या शेतीवर परतलेले. वय एकाहत्तर, धोतर पांढरंशुभ्र, डाव्या कानानं जरा कमी ऐकणारे.

"मघाशी पुकारलंत त्या तुम्हीच का?"

"व्हय. कावून?"

"तुमचा टोन चुकला."

चंद्रभागाबाईनं कमरेला खोचलेला मोबाईल काढून बघितला.

"मोबाईलचा नाही, बाई. तुमचा! बिल्ला बदलायला बोलावताय असं वाटलं मला. म्हणून चहा संपवून आलो. बैल मरणाच्या दारात आणि तुमचा आवाज चाऱ्याची वेळ सांगावा तसा. काय सांगायचं ते शब्दात असतं. कोणत्या मनानं सांगायचं, ते टोनमध्ये असतं."

चंद्रभागाबाईला वाईट वाटायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात भलताच दिवा लागला.

"सर, इंग्रजीच्या पेपरात कवीचा टोन इचारतात, त्यो ह्योच का?"

सर थबकले. "तुम्हाला काय करायचाय पेपर?"

"मी बसलेय बारावीला. बाहेरून."

सरांनी चष्म्यातून तिच्याकडं नीट बघितलं. मग म्हणाले, "दुपारी जनावरं रवंथ करायला बसली की पुस्तक घेऊन या."

दुपारी एक ते तीन, सरांच्या बैलांशेजारी शिकवणी सुरू झाली. लाळ-खुरकत रोगाचा एक मोठा तक्ता उलटा करून सरांनी बांबूला बांधला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर कोळशानं लिहायला सुरुवात केली. पद्धत त्यांची जुनीच, चौतीस वर्षांची. नाव, व्याख्या, उदाहरण. नाव, व्याख्या, उदाहरण. पाठ करा. चंद्रभागाबाईनं आठ दिवसांत वीस नावं पाठ केली. गाईंना पाणी दाखवताना, हौद घासताना तिच्या ओठांतून मेटाफर-मेटाफर चालू असायचं. भिवराबाईंना वाटलं सुनेनं कुठला तरी जप धरला.

नवव्या दिवशी सरांनी दहा ओळी दिल्या. नावं ओळखायची होती. सात चुकल्या.

सरांनी कोळसा मातीत टाकला. "हे तुमच्याकडून व्हायचं नाही."

चंद्रभागाबाई मान खाली घालून बसली. सोळा वर्षांपूर्वीचा निकालाचा कागद तिच्या डोळ्यांसमोर आला. त्या दिवशी वडील नुसते राखेचे हात धूत राहिले होते.

शेजारच्या दावणीला साखराबाईच्या दोन म्हशी होत्या. साखराबाई पन्नाशीची, शाळेची पायरी कधी न चढलेली, आणि गप्प बसणं जिला कुणी शिकवलंच नव्हतं अशी बाई. ती म्हशीच्या पाठीवर गोणपाट टाकता टाकता म्हणाली, "गुरुजी, रागावू नगा. पर तुमी ती नावं तिच्या डोक्यावर वझ्यावानी टाकताव. वझं काय समजून घ्यायचं असतंय का? त्ये नुस्तं वाहायचं असतंय."

सर तिच्यावर खेकसणार, तेवढ्यात चंद्रभागाबाई एकदम म्हणाली, "सर, वझ्यावानी! ही सिमिली हाय."

सर वळले. "काय म्हणालात?"

"वझ्यावानी म्हणली ती. 'वानी' आलं का उपमा. सिमिली."

"आणि 'वानी' काढलं तर? त्यांनी 'तुमची नावं म्हणजे वझंच' असं म्हटलं असतं तर?"

"मेटाफर!"

सरांनी वाकून कोळसा उचलला. साखराबाई दोघांकडं बघत होती. "आता गं बया. म्हंजी पेपरात तुमी आमचंच बोलणं लिवताव व्हय?"

त्या दिवसापासून साखराबाई शिकवणीची तिसरी मेंबर झाली, आणि खरं सांगायचं तर तीच खाण ठरली. ती बोलायची आणि चंद्रभागाबाई नाव ठेवायची. "नदी रुसून माहेराला गेली," हे पर्सोनिफिकेशन. "सकाळधरनं हज्जार घागरी आणल्या," हे हायपरबोली. "औंदा लई ग्वाड पाऊस झाला बगा, चपला भिजतात म्हून आमी बाहेरच पडंना," ही आयरनी. भिवराबाई बाजेवरून ऐकत असायच्या. त्या आपल्या नवऱ्याविषयी बोलताना 'ते गेले' कधीच म्हणायच्या नाहीत, 'ते थकले' म्हणायच्या. तो युफेमिझम, कडू गोष्ट सौम्य शब्दानं झाकणं. हे नाव कळलं तेव्हा चंद्रभागाबाईनं वहीत लिहिलं नाही, सासूच्या पायाशी जाऊन जरा वेळ बसली.

मोठा युफेमिझम तर सरकारी कागदावरच होता. छावणीच्या आदेशात कुठंही दुष्काळ हा शब्द नव्हता. 'टंचाईसदृश परिस्थिती' असं लिहिलं होतं. सरांनी तो कागद दोनदा वाचून दाखवला. साखराबाईनं विचारलं, "सदृश म्हंजी काय?"

"म्हणजे, सारखी दिसणारी."

साखराबाईनं मागं वळून कोरड्या माळाकडं बघितलं. "चांगली दिसायली की मग."

सर इतके हसले की बैल बुजला.

एका दुपारी सिनेक्डोकी आणि मेटॉनिमी या दोन नावांवर गाडी अडली. पहिल्यात भागावरून अख्खी वस्तू ओळखायची, दुसऱ्यात माणसाजवळच्या वस्तूवरून माणूस. सर राजे-मुकुट, लेखणी-तलवार अशी उदाहरणं देत होते. ती कळत होती आणि मनाला लागत नव्हती. चंद्रभागाबाईनं पेन खाली ठेवलं.

"सर, मुकादम आमाला मोजतो तवा 'माणसं किती' म्हणत न्हाई. 'कोयते किती' म्हणतो. नवरा-बायकू मिळून एक कोयता. नवरा एकटाच असला तर अर्धा कोयता. मी दहा वर्षं अर्धा कोयता हुते. ह्ये काय झालं मग?"

सरांच्या हातातला कोळसा तक्त्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"मेटॉनिमी," ते हळू म्हणाले. मग त्यांनी ते तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि पुढं उदाहरण म्हणून मराठीत 'कोयता' लिहिलं.

चंद्रभागाबाईनं ते उतरवून घेतलं. दहा वर्षं अंगावर वागवलेल्या गोष्टीला जगात कुठंतरी नाव आहे आणि ते पुस्तकात छापलेलं आहे, याचं तिला नवल वाटलं. आनंद नव्हता तो. पण त्या दिवसानंतर उघडलेलं इंग्रजीचं पुस्तक तिनं लगेच मिटून ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्रिंबकचा फडावरून फोन आला तेव्हा ती म्हणाली, "आवो, तुमी मेटॉनिमी हाव."

"शिव्या कावून देती?" त्रिंबक म्हणाला. मग तिनं समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, "बरं हाय. हितल्या समद्यास्नी सांगतो."

टोनची तालीम सरांनी सगळ्यात शेवटी घेतली. वाक्य एकच, 'टँकर आला नाही'. ते रागानं म्हणायचं, टोमण्यानं म्हणायचं, काळजीनं, विनवणीनं, आणि आपल्याला काही देणंघेणं नसल्यासारखं म्हणायचं. प्रत्येकाचं इंग्रजी नाव शेवटी सांगायचं. अँग्री, सार्कॅस्टिक, अँक्शस, प्लीडिंग, डिटॅच्ड. आसपासच्या दावणींवरच्या बाया जमून ओळखायच्या. "आता रागावली!" "न्हाई गं, ही तर भीक मागायली." फर्म नावाचा एक टोन मात्र तिला काही केल्या साधेना. ठाम बोलायला गेली की आवाज एकतर चढायचा, नाहीतर कापायचा.

"ठामपणात राग नसतो," सर सांगायचे. "ज्याला आपलं खरं आहे याची खात्री असते, त्याला ओरडावं लागत नाही."

जानेवारीत टँकर खरंच आला नाही. एक दिवस नाही, लागोपाठ दोन दिवस. हौदांचा तळ दिसू लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी मोहनरावांनी निम्मी जनावरं अडीच किलोमीटरवरच्या बायनाबाईच्या विहिरीवर पाठवली. ती गेली आणि दीड तासात सरकारी तपासणीचं पथक येऊन उभं राहिलं. रजिस्टरला सहाशे चाळीस जनावरं, दावणीला तीनशे अठरा. चंद्रभागाबाईनं परोपरीनं सांगितलं. पथकानं लिहून घेतलं ते एवढंच, की जनावरं आढळली नाहीत. दोन दिवसांनी कागद आला. चार दिवसांत सुनावणीला हजर राहून खुलासा करा, नाहीतर छावणी बंद.

छावणीत सुतक पडल्यासारखं झालं. बंद झाली तर जनावरं बाजारात न्यायची, दुसरा मार्ग नव्हता.

मोहनरावांनी खुलासा लिहून आणला. 'आपण आमचे मायबाप, आम्ही आपली लेकरं, ही मुकी बापुडी जनावरं आपल्या चरणी लोळण घेत आहेत' अशी दोन पानं होती. त्यांनी तो वाचून दाखवला आणि सगळ्यांकडं बघितलं.

बद्रीनाथ सर मोहनरावांशी बोललेच नाहीत. त्यांनी चंद्रभागाबाईला विचारलं, "टोन?"

ती बिचकली. चेअरमनचा कागद होता. पण सर उत्तराची वाट बघत होते.

"प्लीडिंग. आन् थोडा फ्लॅटरिंग."

"वाचणाऱ्याला काय वाटेल?"

"वाटंल, की आमचंच कायतरी चुकलंय."

मोहनरावांचे कान लाल झाले. क्षणभर वाटलं, आता कडाडणार. पण त्यांनी आपल्याच कागदावर पुन्हा एकदा नजर फिरवली आणि तो तिच्या हातात दिला. "मग तुमी लिवा."

तिनं लिहिला. पहिला मसुदा इतका तिखट झाला की साखराबाईनं टाळ्या वाजवल्या. सरांनी नुसती मान हलवली. "हे वाचून तुम्हाला बरं वाटेल. छावणी राहणार नाही." तिनं तो फाडला. दुसरा वकिली झाला, तोही फाडला. तिसऱ्या वेळी तिनं सरांकडं बघितलंच नाही. रजिस्टर समोर ओढलं, घडलं ते वेळेसकट एकेका ओळीत मांडलं, आणि जिथं मन भरून आलं तिथं पेन उचलून धरलं.

सुनावणीच्या दिवशी तहसील कचेरीत टेबलाच्या पलीकडं एक तरुण अधिकारी बाई होत्या. खोलीत आधीच्या तीन गावांची माणसं बोलून गेली होती. मोहनरावांचा नंबर आला. ते उभे राहिले आणि सवयीनं सुरू झाले, "मॅडम, आभाळ फाटलंय, हिमालयाएवढं संकट..." अधिकारी बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मोहनरावांनाही ते दिसलं. ते अर्ध्या वाक्यात थांबले.

"आमच्या चंद्रभागाबाई वाचतील," एवढंच म्हणून ते खाली बसले.

चंद्रभागाबाई उठली. तिनं कागद टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळवे त्याच्या बाजूला टेकले. मग वाचायला लागली.

"अकरा जानेवारीला टँकर आला नाही. बारा जानेवारीलाही टँकर आला नाही. तेरा तारखेला सकाळी आठ वाजता आम्ही तीनशे बावीस जनावरं बायनाबाईंच्या विहिरीवर नेली. साडेनऊला पथक आलं. अकराला पथक गेलं. साडेअकराला जनावरं परत आली. छावणीत जनावरं नव्हती असं नाही. छावणीत पाणी नव्हतं. तीनशे अठरा आणि तीनशे बावीस, बेरीज सहाशे चाळीस होते. आम्ही दया मागत नाही. आम्ही फेरमोजणी मागतो. आपण म्हणाल त्या दिवशी, न कळवता यावं."

आवाज चढला नाही आणि कापलाही नाही. हे तिच्या स्वतःच्या लक्षात आलं ते शेवटच्या ओळीला.

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "या विहिरीच्या मालक, बायनाबाई, त्यांचा जबाब?"

"बाहेर बसल्यात. संगंच आणलंय."

बायनाबाई आत आल्या, डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "व्हय, माझ्याच हिरीवर आलती. माझा अर्धा हौद पिऊन गेली, मी काय खोटं बोलू?" खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी हसलं. अधिकारी बाईही हसल्या.

"हा खुलासा कोणी लिहिला?"

"मी."

"काय करता तुम्ही?"

"दूध संस्थेत असते. आन् बारावीला बसलेय."

दुसऱ्याच दिवशी सकाळी सात वाजता, न कळवता, त्या स्वतः आल्या. दावणीदावणीनं मोजणी झाली. मोजणाऱ्यानं दोनदा बेरीज केली आणि गोंधळून म्हणाला, "मॅडम, सहाशे एक्केचाळीस भरतायत."

"कसे न्हाई भरणार," साखराबाई मागून ओरडली, "माझी म्हैस रातच्याला याली!"

पारडी म्हशीच्या पोटाखाली उभी राहायला धडपडत होती. अधिकारी बाईंनी तिच्या कपाळावर बोट टेकवलं, रजिस्टरवर सही केली आणि छावणी चालू राहील असं सगळ्यांसमोर सांगितलं. चंद्रभागाबाईनं माईक हातात घेतला. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. "छावणी बंद होणार नाही," ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिच्या आवाजात असं काही होतं की माळाच्या पार टोकाला वैरण उचलणारी माणसंसुद्धा हातातलं टाकून पळत आली. त्या टोनचं नाव सरांना कुणी विचारलं नाही. मोहनरावांनी स्वतः चहा सांगितला, सगळ्या छावणीला.

फेब्रुवारीत पेपर होता, शिरूरला. पहिलाच इंग्रजीचा. वर्गाच्या दारात पर्यवेक्षकांनी तिला अडवलं.

"मावशी, पालकांनी गेटबाहेर थांबायचं."

"मी पालक न्हाई. माजा नंबर हाय आत." तिनं हॉलतिकीट दाखवलं. बाकावरची सतरा-अठरा वर्षांची पोरं माना वळवून बघायला लागली. ती आपल्या जागी जाऊन बसली आणि पदर कमरेला खोचला, फडावर उतरताना खोचायची तसा.

कवितेच्या प्रश्नात एक ओळ होती. तिचा अर्थ असा, की थकलेली वाट डोंगराकडं निघाली आहे. ओळखा. हे उदाहरण सरांनी दिलं नव्हतं, साखराबाईच्या तोंडूनही कधी आलं नव्हतं. वाट चालते आहे म्हणून पर्सोनिफिकेशन लिहावं, असं आधी मनात आलं. तिनं ते लिहिलंही. पण खाली आणखी विचारलं होतं, 'थकलेली' या एका शब्दात काय आहे? ती थांबली. फडावरून पाचटाच्या कोपीकडं येणाऱ्या वाटा तिनं दहा वर्षं तुडवल्या होत्या. वाट कधी थकलेली नसते, चालणारा थकलेला असतो, आणि थकवा इतका असतो की तो वाटेवर सांडतो. माणसाचं विशेषण वाटेला दिलंय. ट्रान्सफर्ड एपिथेट. तिनं नाव लिहिलं आणि मोडक्यातोडक्या पण स्वतःच्या इंग्रजीत तीन ओळी स्पष्टीकरण लिहिलं. शेवटची घंटा झाली तेव्हा तिच्या पुरवणीत लिहायला जागा उरली नव्हती.

मे महिन्याच्या अखेरीस निकाल लागला. त्रिंबक तोवर फडावरून परतला होता. दोघं शिरूरच्या नेट कॅफेत गेले. बाहेर ही गर्दी. आत पोरगा नंबर टाकायचा, पडदा उघडायचा, कुणी रडायचं, कुणी नाचायचं. चंद्रभागाबाईनं नंबर सांगितला आणि डोळे मिटून घेतले.

"इंग्लिश अठ्ठावन्न. पास."

"किती?" त्रिंबक ओरडला.

"अठ्ठावन्न."

त्रिंबकनं त्या अनोळखी पोराच्या पाठीत असा धपाटा घातला की तो संगणकावर आपटता आपटता वाचला. मग बाहेर येऊन, बायकोचा हात भर रस्त्यात धरून, ओळखी-अनोळखी सगळ्यांना तो सांगत सुटला, "हिला इंग्रजीत अठ्ठावन्न पडले! इंग्रजीत!" चंद्रभागाबाई हात सोडवून घेत होती आणि हसू आवरत नव्हतं. परळीला वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, "पुन्यांदा सांग." तिनं पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदाही सांगायला लावलं.

छावणीत परतल्यावर ती आधी बद्रीनाथ सरांकडं गेली.

"अठ्ठावन्न?" सर म्हणाले. "साठ का नाही?"

मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

"बाई," ते खाली बघत म्हणाले, "चौतीस वर्षं मी ही नावं पोरांकडून पाठ करून घेतली. पोरं पास झाली. पण ती माणसांच्या बोलण्यात असतात, हे मला इथं, या शेणात बसून कळलं. तुमचे माझ्यावर उपकार आहेत." ती वाकून पाया पडली, तेव्हा त्यांनी डोक्यावर ठेवलेला हात बराच वेळ उचलला नाही.

भिवराबाईंनी बाजेवरून विचारलं, "झालं का तुजं?"

"झालं, आत्याबाई. पास."

"मग आता जरा गाईला पाणी दाव," त्या म्हणाल्या, आणि सून वळताच शेजारणीला सांगू लागल्या, "आमची चंद्रभागा बारावी हाय."

ऑगस्टात संस्थेची वार्षिक सभा भरली. तोवर पाऊस पडून छावणी उठली होती, जनावरं आपापल्या गोठ्यात गेली होती. सभा नेहमी पंचवीस-तीस माणसांत उरकायची. त्या दिवशी देवळाचा सभामंडप पुरेना, बाया पायऱ्यांवर बसल्या. मोहनरावांनी ठराव वाचला, संस्थेच्या सचिवपदी सौ. चंद्रभागाबाई त्रिंबक यांची नेमणूक. सूचक म्हणून म्हाताऱ्या तात्याबांनी चाचपडत हात वर केला.

"अनुमोदन?" मोहनरावांनी विचारलं.

साखराबाई पायऱ्यांवरून उठून थेट पुढं आली. "माजं! लिवा, साखराबाई. आंगठा कुठं करू?"

"आधी हात वर करायचे असतात, बाई. विरोध कुणाचा हाय का ते बघायचं असतं."

"करू दे की विरोध. कोण करतंय, उबं रहा!" साखराबाईनं सभेकडं वळून विचारलं.

कुणी उभं राहिलं नाही. हात मात्र वर झाले, आतल्या पुरुषांचे, मग पायऱ्यांवरच्या बायांचे, बांगड्यांचा एकच आवाज करत. त्रिंबकनं दोन्ही वर केले, आणि एका माणसाला एकच मत असतं असं कुणीतरी त्याला हसत बजावलं तरी त्यानं एकही खाली घेतला नाही. तात्याबांनी जुन्या कपाटाची किल्ली कनवटीतून काढून तिच्या ओंजळीत ठेवली. चंद्रभागाबाईनं इतिवृत्ताच्या वहीत सभेची नोंद स्वतःच्या हातानं लिहिली आणि खाली, जिथं सहा वर्षं दुसऱ्याची सही बघितली होती तिथं, आपली सही केली. शाई वाळेपर्यंत ती त्या सहीकडं बघत राहिली. साडेपाचची दुधाची गाडी यायची होती. बाहेर कॅन घेतलेल्या बायांची रांग लागली होती. सचिवबाईंनी वही मिटली, पदर खोचला आणि फॅटच्या मशीनकडं निघाल्या.